शेजारच्या मावशींची अळूवडी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही आणि आता विचारायला तोंड उरलेलं नाही.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं टीचभर दुकान होतं. केबलच्या एका चॅनेलवर माझ्या आईनं अळूवडी करून दाखवली होती. चुलतभावानं त्याच्या घरी रेकॉर्ड केलेला तो कार्यक्रम बदलापूरला आईच्या स्वस्तातल्या टॅबवर दिसायचा, पण आवाज यायचा नाही.

टॅबवर आवाज येईल अशी फाइल करून घ्यायला मी तो पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. त्यानं पेन ड्राइव्ह शर्टाच्या टोकाला पुसून कॉम्प्युटरला लावला. फाइल बदलून झाली तरी देईना. हेडफोन घालून अख्खा कार्यक्रम बघत बसला.

"बीचमध्ये आवाज मागं-पुढं होतो, साहेब. पूरा बघावं लागतं."

पडद्यावर आईची वडी तेलात सुटली. ती तोंडाला पदर लावून हसली. कार्यक्रम लागला होता त्या दिवशी, नेमकं याच क्षणाला, मी पाहुण्यांसमोर चॅनेल बदललं होतं.

"ही मावशी घरची काय?"

"नाही. शेजारच्या आहेत."

तो बघत राहिला. शेवटी हेडफोन काढून स्वतःशीच हसला. "क्या बोली! सुटली तर सुटली, म्हणते, माझा मुलगा सुटलेलीच मागून खातो."

मी घाईनं हात पुढे केला. त्यानं पेन ड्राइव्ह पुन्हा शर्टाला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"उसके बेटे को भी दिखाना."

"सांगतो त्याला," मी म्हणालो, शेजाऱ्यानं म्हणावं तसं.