नानाजीनं खोडलेलं नाव

सिंदी रेल्वेत माहं कपड्याचं दुकान हाये. बाजूले नानाजीचं किराण्याचं होतं. नानाजी दोन हजार सहा साली गेले. अजूनही लोक त्याईले देवमाणूस म्हणतात. म्हणू द्या बाप्पा. मी पंचवीस वर्षं त्याईच्या बाजूले बसलो, मले माहीत हाये त्या देवमाणसाच्या हातून काय झालं ते. त्यात मीही होतो, म्हणून सांगतो. नाईतर या हेमराजले कोणाची उणीदुणी काढाची हौस नाई.

नानाजी एकदा रॉकेलच्या काळ्याबाजाराच्या केसमध्ये नऊ दिवस आत राह्यले होते. केस खोटी होती, पण जमानत घ्याले एक भाऊबंद आला नाई. शेवटी वकिलीचं शिकणाऱ्या एका पोरानं अर्ज लिहून देल्ला, तवा सुटले. तवापासून त्याईच्या डोक्यात एकच खूळ बसलं. कोर्टानं जमानत मंजूर केली, पण जमानतदार भेटत नाई, म्हणून कित्येक गरीब तुरुंगात सडतात. एक साधा अर्ज लागते, का साहेब, याले कोणी नाई, याच्याच हमीवर सोडा. वकिलीच्या पोराईले उन्हाळ्यात सुट्टी राह्यते, ते लिहून देतीन. पण त्याईची खोली, डबा, बसचं तिकीट कोण देईन? गरिबाचं पोरगं दोन महिने फुकट कायले करन?

नानाजी म्हणे, "आपला धर्मादा देईन."

धर्मादा म्हणजे काय, त कापसाची गाडी विकली का कास्तकाराच्या पैशातून थोडेसे कापाचे, अन् आम्हा व्यापाऱ्याईच्या कमिटीनं ते पुण्याच्या कामी लावाचे. पाणपोई, गाईचा चारा, देवळाचा रंग. मी कमिटीत होतो. आम्ही पोट धरून हासलो. अध्यक्ष नत्थूजी म्हणे, "चोराईले सोडवाले धर्मादा? उद्या म्हणसान दरोडेखोराईले लाडू वाटा!" पण नानाजी लय चिकट माणूस. "पैसा कास्तकाराचा हाये, तुह्या बापाचा नाई," असं त्याईनं भर मीटिंगमध्ये सुनावलं. भांडून भांडून पंच्याण्णव साली एका विद्यार्थ्याची सोय करून घेतली. तीन उन्हाळ्यात चाळीसेक माणसं घरी गेले. मंग काय, आम्हीच मिशीवर ताव देऊन सांगत फिरलो, का आमच्या सिंदीचं काम हाये.

अठ्ठ्याण्णव साली फेब्रुवारीत नत्थूजीच्या गोदामातून कापसाचे दोन बोरे गेले. खुशाल नावाच्या हमालाले धरलं. चोरी त्यानंच केली का नाई, देव जाणे. त्याची माय धुरपता आमच्या दुकानासमोर टोपलं घेऊन बसे. सांभाराच्या जुड्या, पालक, वांगे, मक्त्यानं केलेल्या दुसऱ्याच्या वावरातलं. खुशालची जमानत मंजूर झाली, पण धुरपताच्या नावावर सातबारा नाई, जमानतदार कोठून आणन?

ती नानाजीले म्हणे, "तुमचं वकिलीचं लेकरू येईन ना उन्हाळ्यात? माया खुशालचा कागद लिहून देईन ना?"

"देईन वं. यादीत पहिलं नाव त्याचंच टाकतो," नानाजी म्हणाले. अन् खरंच टाकलं.

त्या साली रुचिका नावाची पोरगी येणार होती, नागपूरले शिकणारी. बाप शिलाईकाम करे. आमचे पैसे नसते भेटले त तिले सुट्टीत कोण्या दुकानात उभं राहा लागलं असतं. मीटिंग झाली. नत्थूजीनं सोडवाच्या माणसाईची यादी मागतली अन् म्हणे, "खुशालचं नाव यात राह्यलं, त या कामाले धर्मादा बंद. कायमचा. कबूल असन त्यानं हात वर करा." मी केला. माह्या पुतणीची सोयरीक नत्थूजीच्या घरी चालू होती, दुसरं कारण नाई. शरम वाटते सांगाले, पण हेच होतं.

यादीत बावीस नावं होते. नानाजीनं पेन काढला अन् पहिलंच खोडलं. बाहेर आल्यावर मले म्हणे, "हेमराज, एकासाठी एकवीस बुडवू का? दिवाळीपर्यंत नत्थूजी थंडा होईन, मंग मी पाहतो." मी म्हणलं, "बरोबर हाये." स्वतः जमानत घेतो म्हणाची आमची कोणाची छाती झाली नाई. मार्केटात बसणं मुश्किल झालं असतं. नऊ दिवस आत काढलेला माणूस, अन् तोच भ्याला! मले त्याईचा राग येते, अन् त्याहून जास्त माहा.

रुचिकानं जीव तोडून काम केलं. मे महिन्याच्या उन्हात रोज बसनं कोर्टात जाये. एकवीसातले सतरा सुटले. दर रविवारी ती नानाजीले सांगाले दुकानात ये. धुरपता तिच्या पिशवीत पालकाची जुडी टाके, तिच्या गालावरून हात फिरवे, पण खुशालचा शब्द काढत नसे. कारण नानाजीनं तिले बजावलं होतं, "पोरीले काही बोलजो नोको, कोर्टाचं काम बिघडते. नंबर येऊन राह्यला." रुचिकाले वाटे, म्हातारी मायाळू हाये. नानाजी तवा पाठ फिरवून डब्बे लावत बसत. मी बाजूले बसून सारं पाहो, अन् कपडा मोजत राहो.

जून संपला. रुचिका नागपूरले परत गेली. दसऱ्याच्या आधी खुशालले तुरुंगात कावीळ झाली. दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी गेला. बावीस वर्षाचा होता.

तेरवी झाल्यावर नानाजी धुरपताच्या घरी गेले. मले संगं नेलं. ओसरीवर बसून त्याईनं सारं सांगतलं, यादी, अट, पेन, काही लपवलं नाई. मंग लहान लेकरासारखे रडाले लागले. "पैसे बंद झाले असते धुरपता. त्या एकवीस जणाईले कोणी वालीच नसता राह्यला. पोरीले कोठून देल्लं असतं आम्ही?"

मले वाटलं, बाई आता आमच्या अंगावर धावून येईन. धावून आली असती त बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरगी दर रविवारी माया पुढ्यात उभी राहे, नानाजी," ती म्हणे. "तुमी मले गप बस म्हणलं नसतं, त मीच सांगतलं असतं तिले. तिनं फुकट लिहून देल्लं असतं."