बसवश्रीचं रक्त

ती चालताना भिंतीला बोटं टेकवायची. चहा अर्धाच कप मागायची. फळ्यावर लिहिताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायची. जिना उतरताना बोलायची नाही. बोलायचंच असेल तर पायरीवर थांबायची. आंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, तेव्हा मांडीवर उशी ठेवायची. तळहात हलायचा, आणि लिंग जमिनीवर पडलेलं तिला चाललं नसतं.

शिवानीच्या या सवयी मनतशाला नांदेडच्या होस्टेलपासून पाठ होत्या. शिवानी पहिल्यांदा पडली ती विष्णुपुरीच्या धरणावर, सपाट जागी. तेव्हा दोघी वीस वर्षांच्या. खूप हसल्या होत्या.

दोन वर्षांनी रोगाचं नाव कळलं. फ्रीड्रिक अटॅक्सिया. तोवर शिवानी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागली होती. मनतशा मराठीची एम.ए., तिथल्याच एका शाळेत. दोघींची खोली एक.

"मॅडमनं सकाळीच घेतली वाटतं," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला होता.

"घेतली असती तर सरळ चालले असते," शिवानी म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

मनतशानं एकदा विचारलं, "मज्जातंतू सांभाळणारा तो जीन तुझ्यात न्हाईच का?"

"हाय की. पण त्यात तीन अक्षरं शेकडो वेळा पुन्हा पुन्हा आलीत. तिथं डीएनए घट्ट आवळून बसतो. पेशीला तो वाचता येत नाही. मग प्रथिन पुरेसं बनत नाही, आणि मज्जातंतू वाळत जातात. हृदय बी." बोलताना तिची जीभ जड व्हायची. "जीनच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक खराब असली तर माणूस ठणठणीत. दोन्ही खराब असल्या तर मी."

तिची आई सिद्धम्मा स्वतःच्या मामाच्या घरात दिलेली. आईबापांकडून एकेक खराब प्रत आली ती तशी. धाकट्या भावाच्या, मृत्युंजयच्या, रक्तात एक सापडली. तो ठणठणीत होता. पण त्याचं लग्न उदगीरच्या शरणप्पामामांच्या बसवश्रीशी ठरलं होतं. ती पाळण्यात होती तेव्हाच सिद्धम्मानं भावाला शब्द दिला होता.

शिवानीनं एकच हट्ट धरला. आधी बसवश्रीचं रक्त तपासा. मामा दोन महिने गप्प राहिले. मग ओळखीच्या कंपाउंडरकडून रक्त काढून हैदराबादला पाठवलं. अहवाल आला. दोष नाही. शिवानीनं त्या दिवशी क्लासला सुट्टी घेतली आणि मनतशाकडून केसांना तेल लावून घेतलं.

लग्नाला तीन आठवडे असताना बसवश्री साड्या घ्यायला लातूरला आली. खोलीवर जेवताना सहज म्हणाली, "मला सुईचं लई भ्या वाटतं, अक्का. म्हणून माझ्या नावानं आमच्या दादानं दिलं रक्त. बाबा म्हणले, घरातलं रक्त एकच."

ती गेल्यावर शिवानीनं मामांना फोन लावला. आवाज मोठा ठेवलेला, मनतशाला सगळं ऐकू येत होतं.

"अगं शिवे, एका आईच्या पोटचे दोघं. वेगळं कसं असंल?"

"मी आन मृत्युंजय बी एकाच पोटचे, मामा. तो पळतो."



"पोरीत खोट काढून लगीन मोडायचं हाय का तुला? तुझं झालं न्हाई म्हणून?"

शिवानीनं फोन उशीवर उलटा ठेवला. रडली नाही.

रविवारी दुपारी ती म्हणाली, "वही घे. मूल बसवश्रीच्या पोटात वाढणार. तिलाच सांगते." पेन आता तिला धरवत नव्हतं. ती बोलायची, मनतशा लिहायची. एकेक वाक्याला वेळ लागत होता. निम्म्यात ती दमली. "छातीत धडधडतंय. उरलेलं उद्या," म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी पूजेला बसली असताना तिचं हृदय थांबलं. ती सत्तावीस वर्षांची होती.

गावी, उदगीरला, तिला बसवूनच खड्ड्यात ठेवलं, लिंगायत रिवाजाप्रमाणे. मनतशा बायकांच्या मागं उभी होती. इतकी वर्षं जिचा तोल सांभाळला, ती ताठ बसली होती. कुणीतरी लग्नाचं विचारलं. शरणप्पामामा म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाई. तारीख तीच."

तारखेला नऊ दिवस उरलेत. वही मनतशाकडे आहे. त्यात एवढंच आहे:

"बसवश्री, अक्षर मनतशाचं आहे, बोलणं माझं. अहवालावर नाव तुझं आहे, रक्त तुझं नाही. मृत्युंजयमध्ये एक खराब प्रत आहे. तुझ्यातही असली तर तुमच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, चारात एक शक्यता आहे, ते माझ्यासारखं निघण्याची. लग्न मोड असं मी म्हणत नाही. माहीत असू दे, एवढंच. सुईला भिऊ नको. मी सोबत येईन. पुढच्या सोमवारी सकाळी तू"