ताईच्या घरची उपकारस्तुती

साताऱ्याहून सांगलीला जायचं तर कराडवरून सरळ हमरस्ता आहे. मी मात्र दहिवडीवरून जाणारी एसटी धरली. माण तालुका पाहायचा राहिलाय, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे पोहोचायची घाई नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, मार्थाताईच्या घशातली गाठ काढली होती. जीव वाचला, आवाज गेला. चर्चमध्ये गीत सुरू करायची ती तिनंच. आता नुसती कुजबुज उरली होती. तिच्याशी काय बोलावं, ते मला सुचत नव्हतं.

दहिवडीच्या पुढं बस बंद पडली. दोन्ही बाजूंना वाळलं गवत आणि उघडे माळ, लांब डोंगरावर पवनचक्क्या. बाभळीखाली मेंढरं घेऊन बसलेल्या बाईनं कुठं निघालात म्हणून विचारलं. सांगलीला, आजारी बहिणीकडं, असं सांगितलं.

"मग हिकडनं कशाला आलासा?" ती म्हणाली. "लय लांबचा फेरा पडतोय की."

तिनं प्यायला पाणी दिलं आणि ती मेंढरांमागं निघून गेली.

दुसऱ्या गाडीनं विटा, तिथून तासगाव. रस्त्याकडेच्या शेडमध्ये जाळीच्या थरांवर बेदाणा (वाळवलेली द्राक्षं) पसरला होता. ताईसाठी अर्धा किलो घेतला. तिला गिळताना त्रास होतो, हे सांगलीत उतरल्यावर आठवलं. पुडी पाहून ती आवाज न करता हसली आणि बेदाणा तिनं पाण्यात भिजत घातला.

जेवायला अख्खा मसूर आणि भाकरी होती. दाजींनी (बहिणीच्या यजमानांनी) डोळे मिटून जेवणाआधीची रोजची उपकारस्तुती केली. शेवटी म्हणाले, "प्रभू, हिचा जीव राखलास, म्हणून आम्ही दोघं तुझे आभार मानतो."

ताईनं ताट सरकवलं. तिचं बोलणं ऐकायला आम्हाला पुढं वाकावं लागलं.

"तुमचे आभार तुम्ही माना. माझ्या वतीनं मानू नका. मला अजून जमंना."

दाजींचा चेहरा उतरला. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी देवाकडं तिचा जीव मागितला होता आणि तो मिळाला होता. आता आभार चुकवले तर आपण कृतघ्न ठरू, अशी त्यांना भीती होती. ताई म्हणाली, मागणं तिचंही होतं, गाता गळा राखण्याचं. ते कुणी विचारलंच नाही. मी मध्ये पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताई घरीच राहिली, आम्ही दोघं चर्चला गेलो. पहिलंच गीत कुणीतरी फार वरच्या पट्टीत धरलं आणि ते मध्येच बसलं. उपासना संपल्यावर एका बाईंनी ताईची चौकशी केली.

"बरी आहे," दाजी सवयीनं म्हणाले. मग थांबून म्हणाले, "बरी नाही. पण आहे."

संध्याकाळी आमटी-भात वाढून झाला. दाजींनी डोळे मिटले आणि ते काहीच बोलले नाहीत. ताई त्यांच्याकडं बघत होती. अखेर तिनं हात जोडले.

"प्रभू, आज घास उतरतोय," ती कुजबुजली. "तेवढ्याबद्दल आभार."

"आमेन," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज तिच्याहून बारीक झाला होता.

परतताना कराडचा सरळ रस्ता धरला. लहानपणापासून पाठ असलेली उपकारस्तुती मी रोज जेवणाआधी म्हणत आलो. तिच्यातला एकेक शब्द खरा असावा लागतो, हे कधी मनात आलं नव्हतं. घरी आल्यावर ती पहिल्यांदा अडखळत म्हटली.

ताईचा आवाज अजून आलेला नाही. दाजी फोनवर सांगतात, की हल्ली जेवणाआधी तीच प्रार्थना करते. एखाद्या दिवशी तिला काही सुचत नाही. मग दोघं थोडा वेळ गप्प बसतात, दाजी आमेन म्हणतात आणि ती वाढायला घेते.