कुरखेड्याचे झोरान सर

झोरान सरांचा किस्सा सांगायला बसलं की चहा थंड होतो. एक संपायच्या आत समोरच्याला दुसरा आठवतो! हे सर्बियाचे ताडमाड उंच बास्केटबॉल खेळाडू. गुडघा गेला, खेळ सुटला, कोच झाले आणि कुठल्याशा प्रकल्पातून आमच्या कुरखेड्याच्या शाळेत आले. मी तिथला पीटीचा मास्तर, म्हणून आपोआप त्यांचा असिस्टंट. संस्थेनं बजावलं होतं, "मुली यंदा जिल्ह्यात जिंकल्या तर ठीक, नाहीतर बास्केटबॉल बंद!"

*

पहिल्याच बाजाराच्या दिवशी एका म्हातारीनं त्यांना हात धरून चिंचेखाली नेलं. "बापू, तेवढ्या चिंचा तोडून दे न!" सरांना वाटलं, इथं पाहुण्याचं स्वागत असंच करतात. हात पोचला तेवढं झाड मोकळं केलं, वर तिलाच नमस्कार केला. झाड शेजारणीचं होतं!

*

मोहाच्या दिवसांत सकाळी प्रॅक्टिसला एकही मुलगी येईना. सगळ्या मोहफुलं वेचायला जंगलात. काम लवकर उरकावं म्हणून सरही टोपली घेऊन गेले. थोड्याच वेळात कंबर धरून उभे! आमची कॅप्टन मंगला, तिची आई म्हणाली, "भाऊ, तुमची कंबर जमिनीपासून लय दूर हाये. बसून वेचा!"

*

चिडले की सर सर्बियनमध्ये शिव्या घालत. मुलींना वाटे, खेळातलेच शब्द असतील. एकदा सरांचे म्हातारे कोच व्हिडिओ कॉलवर आले. मुलींनी हात जोडून, एका सुरात, त्याच शिव्यांनी त्यांचं स्वागत केलं! म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अरे, या तर मीच तुला शिकवल्या होत्या!"

*

शाळेचं कोर्ट म्हणजे गावातली सिमेंटची एकुलती एक मोकळी जागा. कापणी झाली की गाव तिथं धान वाळत घालतं. सर लालबुंद झाले. मंगलाची आई ठाम. "मंग का रस्त्यावर घालू का जी?" शेवटी कडेच्या चिंचोळ्या पट्टीत प्रॅक्टिस सुरू झाली. चेंडू धानात गेला की ती झाडू घेऊन उभीच!

जिल्ह्याच्या फायनलला कोर्ट मोकळं, चकचकीत. आणि आमच्या मुली? कडेकडेनं, एकीमागे एक! मध्ये कुणी पाऊलच टाकेना. ओरडून ओरडून सरांचा घसा बसला. आता खेळ बंदच होणार!

तेवढ्यात प्रेक्षकांतून मंगलाची आई उभी राहिली आणि ओरडली, "अवं पोरीहो, धान उचललं!"

मुली कोर्टभर पसरल्या. झाडूच्या धाकानं हातात बसलेला चेंडू मग कुणाला हिसकावताच येईना. जिंकलो! सर रडले, मीही रडलो.

गर्दीतून वाट काढत मंगलाची आई आली. "मंग पुढच्या सालीबी धान तिथीच वाळत घालू न जी?"