चिंचेने घासलेली चाकं

मंडळींनो, आज दसरा. लखनौमध्ये इतकी वर्षं काढली, तरी गाडीची पूजा केल्याशिवाय माझा दसरा होत नाही.

यंदा पूजा लेकीच्या नव्या गाडीची होती, तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या. ती रोज सरोजिनी नगरहून चारबागपर्यंत पावलोपावली ब्रेक मारत जाते, त्यामुळे पुढच्या चकचकीत अलॉय चाकांवर ब्रेकची काळी पूड थापली गेली होती. अशा चाकांसमोर मी नारळ फोडू? माझी स्वच्छतेवरची भाषणं तुम्ही ऐकली आहेत.

लेकीने बजावलं होतं, "आई, सिर्फ पानी मारना. रगड़ना मत."

"जन्मभर पितळेचे देव घासले मी, आणि तू मला शिकवतेस?" असं म्हणून मी देवांच्या भांड्यांसारखीच चिंच-मीठ लावून काथ्याने चाकं घासली.

ती पूड म्हणजे लोखंडाचा भुगा. जितकी घासली, तितके ओरखडे उठले आणि चकाकी गेली. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले भैया बघून म्हणाले, "अब तो ऐसे ही रहेगा, आंटी."

लेक चिडली असती तर मी भांडले असते. भांडणात मला कोणी हरवलेलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "रहने दो आई. अब मेरी किसी चीज़ को हाथ मत लगाना," आणि पूजा न करताच गाडी घेऊन मैत्रिणीकडे गेली.

ज्यांना मुलांनी असं शांतपणे "रहने दो" म्हटलं आहे, त्यांनी खरं सांगा. त्यानंतर मुलांनी कधी आपलं काही तुमच्या हाती दिलं का? मला नाही वाटत.