साहेबांसाठी रिकामी बस

रस्ता ज्ञानापर्यंत पोचला की समाज पुढे जातो. आमच्या शहरबसच्या उद्घाटनाला हे वाक्य पहिल्या वक्त्याने उच्चारलं, दुसऱ्याने ते थोडं फिरवून सांगितलं आणि तिसऱ्याने त्यात एक दिवा लावला. चौथा वक्ता उभा राहिला तोवर संध्याकाळची पॅसेंजर वाशीम स्टेशनातून निघून गेली होती. बस सुरू होत होती ती हीच गाडी गाठण्यासाठी. हार घातलेली बस मांडवाबाहेर उभी होती आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.

आमचं कॉलेज गावाबाहेर, रिसोडच्या रस्त्याला आहे. कमानीवर ‘विद्यापीठ परिसर’ असं लिहिलेलं आहे. परिसर म्हणजे दीड इमारत आणि चारही बाजूंना सोयाबीन. मी तिथे मराठी शिकवतो, राहतो अकोल्याला, आणि रोज रेल्वेने येतो-जातो. बस सुरू होण्याआधी स्टेशन गाठायचं म्हणजे ऑटो. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि कधी भरला असं समजायचं हे फक्त ऑटोवाल्यालाच कळतं. त्यामुळे बसच्या अंगावर रंगवलेलं ‘रेल्वे जलद जोड सेवा’ हे नाव मी कुरकुर न करता मान्य केलं. बस जलद नव्हती, पण ती रोज सुटायची.

आणि भरून सुटायची. ती गेटवर यायच्या आतच मुली खिडक्यांतून ओढण्या टाकून जागा धरत. कंडक्टरबाई दारात उभी राहून ओरडायची, “ओढण्या बसल्या अन् पोरी उभ्या! ओढण्यांचं तिकीट फाडू का आता?”

“मावशी, तुमी फक्त घंटी मारा. गाडी जाते आमची.”

“मले काय सांगतं? त्या ड्रायव्हरले सांग. मी काय मागून ढकलून राह्यली?”

घंटी मारायला सांगणारी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वाशीम आणि अकोल्याच्या मधल्या एका लहान स्टेशनावर ती उतरायची, म्हणून आमचा परतीचा प्रवास एकच. जागा असली तरी ती बसायची नाही. दाराजवळ दांडा धरून उभी राहायची, जणू तेवढ्याने बस लवकर पोचेल. एकदा समोर ऊस नेणारा ट्रॅक्टर आडवा आला आणि तिचा चेहरा इतका उतरला की कंडक्टरबाईनेच विचारलं, “काहून वं, एवढी काहून घाबरते? गाडी सुटली त दुसरी येईन.”

“दुसरी रात्री हाय, मावशी. बाबानं सांगून ठेवलं, दिवे लागाच्या आत घरात. एक गाडी सुटली त कॉलेज सुटते माहं.”

तिचे वडील मी पाहिले होते. प्रवेशाच्या वेळी ते कॉलेजात आले होते. थोडी शेती, बोलणं मोजकं. प्रयोगशाळा दाखवा म्हणाले, आणि तिथल्या सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले. निघताना मला म्हणाले, “सर, पोरीवर भरोसा हाय. अंधारावर नाई.” यावर वाद घालावा असं मला वाटलं, पण त्यांच्या स्टेशनाबाहेर दिवा नाही हे मी रोज गाडीतून पाहत होतो.

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली की फेरी तोट्यात आहे. बस ठेक्यावर चालायची. ठेकेदार म्हणत होता, प्रवासी नाहीत. खरंखोटं पाहायला वरून एक साहेब येणार होते आणि स्वतः बसमधून स्टेशनपर्यंत जाणार होते. मला आनंद झाला. साहेबांना एकदा त्या दारात, ओढण्या आणि कोपरांच्या मधोमध उभं केलं की काम झालं, असा माझा हिशेब होता.

आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की आधी चुना येतो. गेटपासून कार्यालयापर्यंत दोन पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या. बसच्या पुढच्या सीटवर पांढरा टॉवेल अंथरायचं ठरलं. शाल आली, नारळ आला. औक्षणासाठी मुली निवडल्या, त्यात ही मुलगी होती. ताट तिच्या हातात. आणि आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागली की उद्याच्या संध्याकाळच्या बसने मान्यवर प्रवास करणार असल्याने विद्यार्थ्यांनी बसमध्ये गर्दी करू नये.

मी प्राचार्यांकडे गेलो. “सर, साहेब गर्दी बघायलाच येताहेत.”

“अहो, गर्दी आपण निवेदनात दाखवतोय ना! सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “आता पाहुण्याला काय घामात उभं करायचं? चांगलं दिसतं का ते?”

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, मुलींची काळजी करणारे होते. पण पाहुणा आला की घरातल्यांनी उठून जागा द्यायची, हे त्यांच्या हाडात होतं, आणि बस हे त्या दिवसापुरतं त्यांचं घर होतं.

साहेब आले. मुलीने त्यांना ओवाळलं. शाल घालून झाली, निवेदन देऊन झालं, ते साहेबांनी त्यांच्या शिपायाकडे दिलं. मग साहेब टॉवेलवर बसले, शेजारी प्राचार्य, आणि मागे मी, कारण मला घरी जायचं होतं. बाकी सगळी बस रिकामी. विद्यार्थी गेटच्या आत रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुलगी ताट घेऊन उभी होती आणि साहेबांकडे नाही, माझ्या खिडकीकडे पाहत होती. कंडक्टरबाईने दार लावायला उशीर केला, तेव्हा प्राचार्यांनीच सांगितलं, “चला, चला, साहेबांना वेळ नाही.”

वाटेत साहेबांनी मागे वळून पाहिलं. “गर्दी नसते का रोज?”

“छे, छे! अजिबात गोंधळ नसतो, साहेब,” प्राचार्य म्हणाले. “आपल्याकडे शिस्त आहे.”

“रोज पाय ठेवायला जागा नसते,” मी म्हणालो. “आज मुलांना चढू दिलेलं नाही.”

कंडक्टरबाईही म्हणाली, “खरं हाय साहेब, पोरी लटकून येते.”

साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य हसले. “सर साहित्याचे आहेत. थोडं रंगवून सांगतात.” साहेबही हसले. कंडक्टरबाई कशाची आहे, हे कुणी विचारलं नाही. आमच्या मागे प्राचार्यांची कार येत होती, परत नेण्यासाठी. तीही रिकामी.

गाडी सुटायच्या बेतात असताना आमचा शिपाई मोटरसायकलवरून त्या मुलीला घेऊन स्टेशनात शिरला. ती धावत डब्यात चढली. बोटांना अजून कुंकू होतं. श्वास सावरून तिने पहिलं विचारलं, “सर, काय म्हटलं साहेबानं?”

“हसले,” मी म्हणालो.

“म्हंजे चांगलंच झालं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर किती उजेड उरला आहे ते पाहू लागली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

महिन्याच्या आत फेरी बंद झाली. कारण दिलं होतं, पाहणीत प्रवासी आढळले नाहीत. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. प्राचार्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “आपण एवढं स्वागत केलं, तरी?” ते खरोखर दुखावले होते.

मग पुन्हा ऑटो. आता मी आणि ती एकाच ऑटोत बसायचो आणि तो भरायची वाट पाहायचो. दोनदा मी उरलेल्या सीटचे पैसे देतो म्हणालो, तर ऑटोवाला म्हणाला, “पैशाचं नाई सर, माह्या गावचे दोघं येऊन राह्यले.” पहिल्यांदा गाडी चुकली तेव्हा वडील रात्री स्टेशनावर बॅटरी घेऊन येऊन उभे राहिले. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्या वेळेनंतर ती कॉलेजात आली नाही.

मी गावी जाऊन आलो. वडिलांनी चहा दिला. “तुमचा राग नाई सर,” ते म्हणाले. “तुमी बस आणा, मी पोरगी धाडतो.” ती दारात उभी होती. मला आणता येण्यासारखं काही नव्हतं.

घरी बसून बीएस्सी करता येत नाही, प्रयोग लागतात. बीए करता येतं. तिने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला, विषय मराठी. त्यामुळे आता कागदोपत्री ती माझी विद्यार्थिनी आहे.

गेटवरच्या प्रवासी निवाऱ्याला मात्र मंजुरी आधीच मिळालेली होती, त्यामुळे तो बांधला गेला. ग्रॅनाइटची पाटी आहे, आत पंखा आहे. उद्घाटनाला तेच वक्ते होते आणि रस्ता ज्ञानापर्यंत पोचल्याचं त्यांनी पुन्हा सांगितलं. भाषणं अंधार पडेपर्यंत चालली, पण या खेपेला बसला उशीर झाला नाही.