तेलातलं पाणी

शिवाजी उद्यमनगरातल्या त्या कारखान्यात पुढच्या अंगाला लेथची रांग होती, तिच्या मागे ड्रिल मशिनं, आणि सगळ्यात मागे पत्र्याच्या शेडमध्ये कृष्णात कुरणे एकटा. शेडमध्ये भट्टी होती आणि भट्टीला लागून तेलाची टाकी. धग आणि धूर यामुळे तिकडे कामाशिवाय कोणी फिरकत नसे. माल घेऊन येणारा माणूस दारातच ढकलगाडी सोडायचा आणि नाकावर रुमाल धरून परत फिरायचा.

पोलाद लाल तापवून गार केलं की कडक होतं, एवढं कोणत्याही लोहाराला ठाऊक असतं. पण कशात गार करायचं, यावर पुढचं सगळं ठरतं. त्या शेडमध्ये येणारं पोलाद पाण्यात बुडवलं तर इतक्या झटक्यात निवायचं की काचेसारखं कडक व्हायचं आणि काचेसारखंच तडकायचं. उघड्या हवेत ठेवलं तर मऊ राहायचं. तेल या दोन्हींच्या मधलं. लाल तुकडा तेलात गेला की आधी त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण तयार होतं, मग ते फाटतं, तेल तुकड्याला भिडून उकळतं आणि हळूहळू शांत होतं. कृष्णात आयटीआय करून इथे चिकटला, तेव्हापासून हेच ऐकत आणि बघत आला होता. तेल जुनं झालं, घट्ट झालं, त्यात कचरा पडला, की माल वेगळा निघतो, हे तो शिकला होता. तेलात पाणी शिरलं तर काय होतं, हे त्याला नुसतं सांगितलेलं होतं.

त्याची बायको ललिता नर्स. तिची नेमणूक आजऱ्याच्या बाजूला एका उपकेंद्रात होती आणि मुलगी अक्षता तिच्यापाशीच शिकत होती. कृष्णात कोल्हापुरात यादवनगरात एका खोलीत राहायचा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आजऱ्याची एसटी पकडायची, आणि एक दिवस राहून परत यायचं. खोलीत स्टोव्ह होता, एक खाट होती आणि भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. शेजारी बोलायचे, पण कृष्णातला बोलणं वाढवता येत नसे. दिवसभर भट्टीच्या आवाजात राहून त्याचे शब्द कमी झाले होते.

त्याच्याशी बोलणारा कारखान्यात एकच माणूस होता. हंबीरराव, लेथवरचा जुना टर्नर, वयाने मोठा. सगळे त्याला आबा म्हणत. दुपारच्या चहाला सगळे पुढच्या फाटकापाशी जमत, पण हंबीरराव दोन ग्लास घेऊन मागे यायचा.

"काय कुरणे, जित्ता हाईस न्हवं? का भाजून निघालास?"

"हाय की आबा."

"बोल की मग कायतरी. का तोंड बी तेलात बुडवून ठेवलंयस?"

बोलायचं काम हंबीररावच करायचा. कुस्तीचं मैदान, म्हशीचं दूध, जावयाचा आगाऊपणा. कृष्णात ऐकायचा आणि मधूनच हसायचा. दिवसातली ही वेळ सोडली तर त्याला कोणी काही विचारत नसे.

खंडेनवमीला उद्यमनगरात मोठी पूजा असते. मशिनं घासूनपुसून धुतात, हार घालतात, हळदकुंकू लावून नारळ फोडतात. त्या दिवशी कृष्णात कारखान्यात नसायचा. दसऱ्याला धम्मचक्र दिन, आजऱ्याच्या विहारात वंदनेला जायचं असे, म्हणून तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच तिकडे जायचा. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. भट्टीच्या शेडकडे पूजेला कोणी वळत नसे.

१९९४ साली हंबीरराव वळला.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला त्या सकाळी कृष्णात शेडमध्ये आला, तर टाकीच्या गळ्यात झेंडूचा हार. बाहेरच्या पत्र्यावर साचलेली काजळी निघून मूळचा निळा रंग दिसत होता. हंबीरराव त्याच्या मागोमागच आला.

"बघिटलास? सगळ्या मशिनी नटून बसल्यात आन् ही तेवढी कोपऱ्यात उघडीबोडकी. म्हणलं, कुरणेची टाकी हाय, तिला कोण वाली हाय का न्हाय? चांगली घासून काढली, पाणी मारलं, काठावर नारळ फोडला."

"तुम्ही एकट्यानंच?"

"मग काय बँड लावायचा व्हता?"

कृष्णात हसला. टाकीपाशी त्याचं नाव घेऊन कोणी काही केलं, हे पहिल्यांदाच होत होतं. सुट्टीनंतर भट्टी पेटवण्याआधी तो टाकीच्या तळाचा कॉक उघडायचा. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसतं. पावसाळी हवेतलं काही साचलं असेल तर आधी ते बाहेर यावं, म्हणून. त्या सकाळी हंबीरराव आजऱ्याची चौकशी करत उभा राहिला, मुलीची विचारपूस केली, आणि कॉक उघडायचा राहिला.

भट्टीत तापवलेल्या मालाची पहिली जाळी जयसिंगपूरच्या एका पंपवाल्याच्या शाफ्टांची होती. कृष्णातने ती टाकीत सोडली आणि नेहमीचा आवाज आलाच नाही. तेल आतून गुरगुरलं, फेसाळलं आणि दुधासारखं वर चढत आलं. काठावरून उतू गेलेल्या तेलाने भट्टीच्या तोंडाशी पेट घेतला. कृष्णातने वाळूच्या बादल्या ओतल्या, लोखंडी झाकण ओढलं आणि मागे सरला. त्याच्या डाव्या हाताचे केस जळाले, बाकी काही झालं नाही. पुढच्या माणसांना कळेपर्यंत आग विझली होती.

मालक नृसिंह कानिटकर मेकॅनिकल इंजिनियर, वडिलांचा कारखाना चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने शाफ्ट रॉकेलमध्ये बुडवायला लावले, पुसून घेतले आणि वर खडूची भुकटी चोळली. भेगेत शिरलेलं रॉकेल भुकटीतून वर आलं आणि शाफ्टवर केसासारख्या रेघा उमटल्या. मग त्याने तापलेल्या पत्र्यावर टाकीतल्या तेलाचे थेंब सोडले. तेल तडतडलं.

"पाणी आहे," तो म्हणाला. "कूलर गळत असणार."

तेल गार ठेवायला टाकीत तांब्याची नळी होती, तिच्यातून पाणी फिरायचं. नळी जुनी झाली होती. कृष्णातने मान डोलावली असती तर विषय तिथेच संपला असता. नवी नळी आली असती. हंबीरराव दुपारी दोन ग्लास घेऊन आला असता. आणि पुढच्या खंडेनवमीला त्याने पुन्हा टाकीला आंघोळ घातली असती. तेव्हा भट्टीच्या तोंडाशी कदाचित दुसरा कोणी उभा असता, आणि त्याला मागे सरायला वेळ मिळाला नसता.

"कूलर न्हाय मालक," कृष्णात म्हणाला. "पूजेला टाकी धुतली. नारळबी फुटला काठावर. पाणी आत गेलं. आन् सकाळी मी कॉक उघडला न्हाय. ती चूक माझी."

"कुणी धुतली?"

कृष्णात सांडलेली वाळू गोळा करायला लागला. मालकाने पुन्हा विचारलं नाही. कारखान्यात शेडकडे जाणारा माणूस एकच होता.

मालकाने कोणाचा पगार कापला नाही, कोणाला घरी बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकत्र करून तो एवढंच म्हणाला की टाकीजवळ पाणी न्यायचं नाही, पूजेचंसुद्धा नाही; कृष्णातने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर माणूस गेला असता. शेवटचं वाक्य त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

हंबीरराव तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाच्या पाण्यानं बाटलं व्हय तुझं तेल?"

"आबा, पाणी कुठलंबी असू दे. तेलात गेलं की—"

"तुमास्नी देव चालत न्हाय, ते ठाव हाय मला. म्हणून आमचाबी चालायचा न्हाय?"

बाटणं हा शब्द कृष्णातने लहानपणी गावच्या पाणवठ्यावर ऐकला होता, तेव्हा तो त्याच्या हातांबद्दल असायचा. आता तोच शब्द त्याच्या तोंडी घातला जात होता. त्याला सांगायचं होतं की हार बघून बरं वाटलं, इतकं की रोजचं काम विसरलो. एवढ्या माणसांत ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तो शेडमध्ये गेला आणि टाकी उपसायला लागला.

त्या दुपारी हंबीरराव आला नाही. नंतरही आला नाही. वाटेत दिसला तर "काय कुरणे" म्हणायचा आणि पुढे जायचा. कृष्णातचा चहा एक पोरगा दारात ठेवून जाऊ लागला.

ललिताला त्याने सगळं सांगितलं. ती पोलिओच्या डोसांची पेटी आवरत ऐकत होती.

"खरं सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण एकट्यात गाठून आधी त्यांनाच सांगायचं होतं."

"तवा सुचलं न्हाय."

"तुम्हाला बोलायचं कधी सुचतंय?"

वर्षं गेली. ललिताची बदली कोल्हापूरला होणार, असं दोनदा ठरलं आणि झालं नाही. अक्षता पुण्याला शिकायला गेली, मग नोकरीला लागली. कृष्णातने टाकीला कुलपाचं झाकण करून घेतलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो कुलूप घालून एसटी पकडायचा. आल्यावर कॉक उघडायचा. शेडवर हार पुन्हा कधी दिसला नाही. आपण हंबीररावचा देव नाकारला असं त्याला वाटतं, आणि ते तसं नव्हतं, हे सांगायचं राहिलं आहे, एवढी एक गोष्ट कृष्णात मनात धरून होता. सांगायला निमित्त लागतं, आणि टाकीला पाणी चालत नव्हतं तोवर ते मिळणं शक्य नव्हतं.

२००५ साली मालकाने तेल बंद केलं. आगीचा धोका, धुराच्या तक्रारी, वाढलेले भाव. त्याऐवजी पॉलिमर नावाचं पाण्यात मिसळायचं रसायन आलं. मिश्रण पातळ ठेवलं तर ते पाण्याच्या जवळ जातं, दाट ठेवलं तर तेलाच्या. लाल तुकडा आत गेला की त्याच्यावर पॉलिमरचा पातळ थर बसतो, उष्णता सावकाश बाहेर सोडतो आणि तुकडा निवला की पुन्हा विरघळून जातो. मालाप्रमाणे प्रमाण ठरवायचं, रोज सकाळी थेंब काचेवर घेऊन तपासायचं. कृष्णातने ते महिनाभरात अंगवळणी पाडलं.

नवरात्र बसलं त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, तो लेथपाशी गेला. हंबीरराव डबा धुऊन बसला होता. त्याची निवृत्ती जवळ आली होती.

"आबा, नव्या टाकीत पाणीच असतंय. यंदा धुतली तर चालंल. हारबिर घातला तरी चालंल."

"कशाला धुवायची?"

"तसं न्हाय. मागं ते झालं न्हवं का, नारळाचं. आग लागली, तुमी रागावला."

हंबीररावने कपाळाला आठ्या घातल्या. मग हसला.

"ते व्हय! अरं मर्दा, ते कवाचं. मी तर इसरूनबी गेलतो. तू अजून धरून बसलायस?"

"मग चहाला येत न्हाईसा ते?"

"लय धूर तिकडं. आन् मग हिकडंच बसायची सवय लागली बघ सगळ्यांत." हंबीररावने डबा पिशवीत घातला.

"आता धूर न्हाय आबा."

"बरं झालं की," हंबीरराव म्हणाला आणि त्याने लेथ चालू केली.